दहा मिनिटांचा अंधार

आईच्या मांडीवर इन्व्हर्टरची माहितीपत्रकं पसरली होती. “दिवे गेले की हा डोळ्याचं पातं लवायच्या आत चालू होतो, ताई. कळणारसुद्धा नाही,” इलेक्ट्रिशियन म्हणाला. बंद दारामागून लेक ओरडली, “आई, माझा पंखा आणि वायफाय आधी सांग!” तेरावं लागल्यापासून ते दार जेवणापुरतंच उघडायचं. मागच्या आठवड्यात दिवे गेले, तेव्हा मात्र हीच लेक भिंत चाचपत आली, मांडीवर डोकं टाकून मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगू लागली. भांडण अर्ध्यावर असतानाच दिवे आले आणि दार पुन्हा लागलं. “हाताने चालू करावा लागणारा नाही का मिळत?” आईने विचारलं. “मिळतो की! पण दर वेळी अंधारात बटणापर्यंत धडपडत जावं लागेल. दहा मिनिटं सहज जातील.” “जाऊ देत. तोच द्या,” म्हणत आईने मांडीवरची माहितीपत्रकं उचलून बाजूला ठेवली.