मत उतरलेला साक्षीदार

"हे ऐकून हैबतरावांबद्दलचं तुझं मत उतरलं का?" चंद्रकांत वकिलांनी विचारलं.

होडीवाल्या सिद्धूनं प्रामाणिकपणे विचार केला. आधी मुळशी धरणाच्या पाण्याकडे बघितलं, मग हैबतरावांकडे. म्हणाला, "उतराया आदी चढाया लागतंय, सायब."

"जा तू," हैबतराव म्हणाले.

सिद्धू गेला. जाताना साक्षीदारांसाठी ठेवलेली भजी मात्र बशीसकट घेऊन गेला.

हैबतरावांच्या रिसॉर्टच्या ओसरीवर सकाळपासून हेच चाललं होतं. हिंजवडीच्या कंपनीतल्या सौरभ नावाच्या गिऱ्हाइकानं इंटरनेटवर रिसॉर्टची नालस्ती लिहिली होती. तेव्हापासून शनिवार-रविवारीसुद्धा खोल्यांना कुलपं. वकिलांनी पिरंगुटच्या सायबर कॅफेतून ती छापून घेतली होती आणि इंग्रजीचं मराठी करून वाचत होते. 'धरणाचा ताजा मासा म्हणून पुण्याच्या बाजारातला वाढतात. आधी ठरवलेली चार नंबरची खोली दिली नाही. नळ फुटलाय म्हणाले. आतून बें बें ऐकू येत होतं. मालक एक नंबरचा खोटारडा.'

मासा खरोखरच पुण्याहून येत असे, म्हणून दावा माशाबद्दल नव्हता. दावा 'खोटारडा' या शब्दावर होता.

"अब्रू म्हणजे काय, हैबतराव? तुमच्याविषयी लोकांचं मत," वकील पुन्हा समजावू लागले. "तुमचं स्वतःचं मत कोर्टात चालत नाही. आधी तुम्हाला मानत होता आणि हे ऐकून तुम्ही त्याच्या मनातून उतरलात, असा एक माणूस पौडच्या कोर्टात उभा करायचा. एकच पुरे."

"एवढ्या गावात एक न्हाई?"

"तेच तर बघतोय सकाळपासून."

दोनदा सरपंच झालेल्या माणसाला हे बसून ऐकावं लागत होतं.

तेवढ्यात तुकाबाई ओसरीशी आली. तिची मेंढरं दर शिमग्याला परतीच्या वाटेवर हैबतरावांच्या खाचरात बसत, आणि खाचराला वर्षाचं खत होई. उद्या मेंढरांचा वाडा उठणार, एवढंच सांगायला ती आली होती. तिला बघून हैबतराव चुळबुळले. "मागं जा तुकाबाई, च्या घे जा," ते घाईनं म्हणाले.

पण वकिलांना माणूस दिसला होता. "बाई, ह्यांना ओळखता?"

"म्हंजी? पाटलांस्नी कोन वळखत न्हाई?"

"मान देता?"

"द्येवाखालोखाल."

वकिलांचा चेहरा उजळला. त्यांनी कागद पहिल्यापासून वाचून दाखवला. "हे साऱ्या जगात वाचतात, बाई. अमेरिकेतसुद्धा. आता सांगा, ऐकून काय वाटलं?"

तुकाबाई म्हणाली, "बराबर लिवलंय की पोरानं. नळ कुटं फुटला हुता?"

वकिलांचं पेन थांबलं. हैबतराव छपराकडे बघू लागले.

"गेल्या शिमग्याला गारा पडत हुत्या, लिंबायेवढ्या," तुकाबाई सांगू लागली. "माझी कोकरं कालची जल्मल्याली. पाटलांनी सोता पलंग भाईर वढला न् खोलीत कोकरं घातली. तवर ह्या पोराची मोटार आली. त्येला ग्वाड बोलून म्हनले, नळ फुटलाय. मी आत, कोकरांची त्वांडं धरून बसल्याली. एकाचं धरावं तर दुसरं वरडतंय."

"हैबतराव," वकील सावकाश म्हणाले, "तुम्ही मला प्लंबरची पावती दिलीत."

"पावती खरी हाय. नळ नंतर फोडला."

"कशासाठी?"

"मेंढरापायी गिऱ्हाईक माघारी धाडलं म्हनून गावाला काय सांगू? दोनदा सरपंच झाल्याला मानूस मी."

वकिलांनी कपाळ चोळलं. पण ते पौड कोर्टात मुरलेले होते. "बाई, नळाचं आपण काढायचंच नाही. तुम्ही एवढंच म्हणायचं, की हे ऐकल्यावर पाटील माझ्या मनातून उतरले. थोडे उतरले तरी चालतील."

तुकाबाईनं हैबतरावांकडे बघितलं. तिचा आवाज बारीक झाला. "तुमी म्हनला तर म्हनीन, पाटील. कोडतात उबी ऱ्हाऊन म्हनीन. पर लबाड बोलल्यागत हुईल. तुमी न्हाई उतरलासा."

सकाळपासून दोघं ज्याला शोधत होते तो माणूस समोर उभा होता, आणि दाव्याला अगदीच निकामी होता.

"अजून येक सांगायचंय," ती म्हणाली. "राग नगा धरू. त्या खोलीतनं जे पयलं कोकरू भाईर आलं, त्येला तुमचं नाव ठिवलंय."

"ही तर सरळसरळ अब्रुनुकसानी," वकील सवयीनं म्हणाले.

तुकाबाई ओसरीच्या कडेला गेली, तोंडाशी हात नेला आणि हाक दिली, "हैबत!"

उन्हं कलली होती. खालच्या खाचरात एका एडक्यानं मान वर केली. काळं तोंड, दोन्ही बाजूंना वळलेली शिंगं. त्यानं आवाजाचा अंदाज घेतला आणि सावकाश, कुणाची परवानगी न घेता, पाण्याच्या वाटेला लागला. तशी मागची मेंढरं उठली. मग त्यांच्या मागची. बघता बघता अख्खं खाचर उठलं आणि त्याच्यामागून उतारावरनं धरणाकडे निघालं. वकिलांचा हात कागदावर तसाच राहिला. दोनदा सरपंच होऊनही हैबतरावांच्या मागं असं कुणी चाललं नव्हतं.

शेवटचं मेंढरू पाण्याशी पोचलं तेव्हा वकील भानावर आले. "मग हैबतराव, दावा लावायचा का नाही?"

हैबतराव कधी उभे राहिले ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी टोपी सरळ केली.

"हळू बोला, वकीलसायब," ते म्हणाले. "माझं नाव पानी पितंय."