चार किलोची दोरी

जयमालाच्या तळहातांवर नायलॉनच्या दोरीची दोन छोटी रिळं होती. एकावर दहा किलो लिहिलं होतं, दुसऱ्यावर चार. दहा किलोची दोरी सहसा तुटत नाही. तिला भीती होती ती त्याचीच.

"दे की गं," जालिंदर म्हणाला. "मासा काय मुहूर्त बघून बसलाय व्हय?"

तिचा नवरा भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. मे महिन्यात धरणाचं पाणी मागं हटलं होतं आणि एके काळची भाताची खाचरं उघडी पडली होती. पायऱ्या उतराव्यात तशी ती एकेक करत पाण्यात उतरत गेली होती. शेवटच्या खाचरापुढे पाण्याखाली जुन्या नदीचं खोल पात्र होतं. ते नेमकं कुठून सुरू होतं, हे वरून दिसत नव्हतं. आणि जालिंदरला पोहता येत नव्हतं.

हातातला रॉड बोटीवर नोकरीला असलेल्या मावसभावानं आणून दिलेला, अकरा फुटी, दोन्ही हातांनी धरायचा. अशा रॉडच्या गळाला वजन असं नसतंच. गळ म्हणजे पिसांचा माशीएवढा पुंजका. लांब जायला लागणारं वजन असतं ते दोरीत. ती जाड रंगीत दोरी निवडण्यात जालिंदरची सकाळ गेली होती. हिरवी हलकी पडली, तिनं रॉड वाकेचना. पिवळीनं तो छान वाकला आणि दोरी सपकन दूर जाऊन पडली. आता पिवळीच्या टोकाला, गळाच्या आधी, वावभर लांबीचं बारीक नायलॉन तेवढं बांधायचं राहिलं होतं.

मागच्या रविवारी मुळा धरणावर एका किरकोळ माशामागं तो छातीएवढ्या पाण्यात गेला होता. ओरडून ओरडून हिचा घसा बसला, पण त्याच्या कानावर काही गेलंच नव्हतं.

तिनं मनाशी हिशोब मांडला. ओढ चार किलोच्या वर गेली की दोरी तुटेल. मासा जाईल, माणूस काठावर राहील.

तिनं चारचं रीळ पुढे केलं.

"एवढी बारीक?"

"पाणी नितळ आहे. जाड दोरी माशाला दिसेल."

"बीएस्सीबाईंच्या पुढं आमी काय बोलनार!" तो हसला आणि त्यानं गाठ मारली.

थोड्या वेळानं पाण्यावर पडलेली पिवळी दोरी एकदम ताणली गेली आणि सरसरत निघाली. रॉडची कमान झाली.

"खडस मासा हाय! लई मोठा हाय गं!"

जयमाला दोरी तुटायची वाट बघत राहिली. रॉडच्या मुठीजवळचं रीळ किरकिरत होतं. मासा जोर करी तसा रॉड वाके, जोर ओसरला की सावकाश उठे. बघता बघता तिच्या ध्यानात आलं. रॉड वाकतो, हे तिनं हिशोबात धरलंच नव्हतं. मासा देई तो हिसका रॉड गिळून टाकत होता. बारीक दोरीवर चार किलोचा ताण येतच नव्हता.

जालिंदर पहिल्या खाचरात उतरला, मग दुसऱ्या. पाणी मांड्यांना लागलं.

"अहो, मागं या! त्यालाच ओढा ना इकडं!"

"वढू कसा? बारीक दोरी, वढली की तुटंल!" तो मागं न बघताच ओरडला. "दहाची असती तर हितंच हुभा राहून आनला असता. आता त्यो नेईल तिकडं जायाचं!"

पाणी कमरेला लागलं.

ती साडीनिशी पाण्यात घुसली. चिखलात चपला राहिल्या. धडपडत गेली तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ तिच्या मुठीत आली. तिनं ओढलं. तो हलला नाही. उलट तीच एक पाऊल पुढं गेली. पाणी त्याच्या छातीला आणि तिच्या खांद्यांना टेकलं होतं.

रॉड वाकलाय तोवर दोरी तुटणार नाही.

तिनं त्याच्या बगलेखालून दुसरा हात घातला, पिवळी दोरी रॉडच्या मुठीवर दाबून धरली आणि सगळा भार टाकून रॉड खाली आणला, नीट माशाच्या दिशेनं.

"काय करती? सोड!"

रॉड सरळ झाला. ताड्कन काहीतरी तुटलं आणि दोरी सैल पडली. दूरवर पाणी एकदा फिरलं, मग शांत झालं.

"याड लागलंय का तुला?" जालिंदर गर्रकन अर्धा वळला. वळताना त्याचा पाय घसरला. तोल सावरायला त्यानं रॉडचं जाड टोक काठीसारखं नदीच्या बाजूच्या पाण्यात रोवलं. रीळ बुडालं. मनगट बुडालं, कोपर बुडालं, खांदाही गेला. टोक कशालाच टेकलं नाही.

तो तसाच ओणवा थांबला, गाल पाण्याला लागलेला. तिच्या मुठीत शर्टाची शिवण टाक्याटाक्यानं उसवत होती.

"जयमाला," तो अगदी हळू म्हणाला, "वढ मला. पन हिसका देऊ नगं."