वाचक आणा

खोट्या संशोधनाच्या महापुरावर मानवी बुद्धीनं अखेर विजय मिळवला. यंत्रांनी लिहिलेल्या लाखो लेखांपैकी जो तीन माणसं शेवटपर्यंत वाचतील, तोच वैद्यकीय डेटाबेसमध्ये विश्वासार्ह ठरू लागला. डॉक्टरही त्यातलंच औषध देत. वाचक मात्र नातेवाइकांनीच आणायचे, पूर्वी रक्तदाते आणत तसे.

सांगलीच्या इस्पितळात कुमुदिनी आवटे नवऱ्याच्या औषधावरचा लेख आपल्या दोन्ही भावांना घेऊन वाचायला बसल्या.

“ताई, दाजींना माझी किडनी दे,” धाकटा कळवळून म्हणाला, “पण हे वाचायला लावू नकोस गं.”

“वाच मुकाट्यानं. तुझ्या लग्नात त्यांनी चार दिवस मांडव सांभाळलाय.”

संध्याकाळी तिघांचं वाचून संपलं आणि लेख विश्वासार्ह ठरला. औषधानं कुणालाही गुण आला नाही, असं त्यात शेवटी लिहिलं होतं.