वाटेतलं टेबल

“धरा ते टोक. भिंतीला लावायचंय,” बायको म्हणाली.

छापखान्यातून निवृत्त झालेल्या जुळाऱ्याने हात पुढे केला. टेबलाची कड सापडायला एक क्षण जास्त लागला. शेजारच्या सुताराने दुसरं टोक उचललं आणि तिघांनी मिळून टेबल सरकवलं.

“वहिनी, गेल्या खेपेला सवयीने बसायला गेलो, तर खुर्ची खिडकीपाशी गेलेली,” सुतार म्हणाला. “माझी कंबर अजून तुमची आठवण काढते.”

“भावजी, बसण्याआधी बघावं माणसानं.”

दोघं हसली. जुळारीही हसला, पण थोडा उशिरा.

थंडी सरली होती. ऋतू बदलला की बायको घर बदलायची. रजया उन्हात पडायच्या, लोकरीचे कपडे पेटीत जायचे आणि मग कपाटापासून चमच्यापर्यंत सगळं नव्या जागी बसायचं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तिची ही हौस काही फिटली नव्हती. जुळारी तिला चिडवायचा, दोन दिवस वस्तू शोधायचा आणि तिसऱ्या दिवशी रुळायचा.

यंदा मात्र ते जमणार नव्हतं. दोन महिन्यांपासून त्याच्या नजरेच्या मधोमध धुकं साचत होतं. तो एकटाच डॉक्टरांकडे जाऊन आला होता. गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं होतं. घरी त्याने अवाक्षर काढलं नाही.

त्याला त्याचा थोरला भाऊ आठवत होता. भावाची नजर गेली तेव्हा घरच्यांनी त्याला मऊ गादीच्या खुर्चीत बसवलं आणि मायेपोटी पुन्हा कधी उठू दिलं नाही. “पाणीसुद्धा मागून प्यावं लागतं रे,” भाऊ एकदा हळूच म्हणाला होता.

जुळारी रोज सकाळी बायकोच्या आधी उठून तिच्यासाठी चहा करायचा. घरातलं तेवढं एकच काम त्याचं होतं. हल्ली तो ते आठवणीवर करत होता. फळीवर डावीकडून तिसरा डबा चहाचा, चौथा साखरेचा. आता ती फळीही हलणार होती. “यंदा राहू दे की,” असं म्हणावंसं त्याला खूपदा वाटलं. पण तिने “का?” विचारलं असतं.

आठवडाभर घर हलत होतं. बैठकीतला गालिचा गुंडाळला गेला. “उन्हाळ्यात कशाला हवाय?” ती म्हणाली. बुटकं स्टूल सुताराकडे गेलं. “त्याचे पाय डुगडुगतात.” दुपारी जुळारी आडवा झाला की आतून धाडकन काहीतरी आपटायचं. एकदा कप फुटला. परवा तिच्या कपाळाला मलमाचा वास येत होता.

“कपाटाचं दार,” एवढंच ती म्हणाली होती.

टेबल लावून सुतार घरी गेला. बायकोने पदराने घाम पुसला आणि खुर्चीत अंग टाकलं.

“चला, चहा टाका आता.”

“मी?”

“मग कोण? सकाळचा काय नि दुपारचा काय.”

आता सुटका नव्हती. सकाळच्या चहानंतर तिने ती फळीही हलवली होती. तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यापाशी उभा राहून त्याने चाचपडत हात वर केला, आणि हात थेट एका डब्यावर पडला. डब्याला एक रबर गुंडाळलेलं होतं. आत चहा होता. शेजारच्या डब्याला दोन रबरं होती. आत साखर होती. पातेलं उजव्या हाताला होतं, गाळणी त्याच्याच वर खिळ्याला होती.

तो थबकला. छापखान्यात त्याने आयुष्यभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. जे अक्षर जास्त लागतं त्याचा खण हाताशी असायचा, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. म्हणून तर खणांकडे न बघता हात चालायचा. लग्नानंतर त्याने हे मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितलं होतं. “घर म्हणजे काय छापखाना आहे का?” म्हणून ती तेव्हा हसली होती.

चहा झाला. दोन कप घेऊन तो बाहेर आला. ओट्यापासून तिच्या खुर्चीपर्यंत त्याच्या पायाला काहीही लागलं नाही.

“डब्यांची झाकणं सैल झालीत का?” त्याने जपून विचारलं. “रबरं लावलीस ती.”

“नाही. चांगली घट्ट आहेत.”

तो तिच्याशेजारी बसला. तिच्या हाती कप देत म्हणाला, “कधी कळलं?”

“रोज पेपरातल्या चुकांना लाल पेन्सिलीने गोल करता. दोन महिन्यांत एक गोल नाही. पेपर एवढा शुद्ध कधीपासून यायला लागला?”

त्याला हसू फुटलं. मग ते ओसरलं.

“म्हणजे आता मला खुर्चीत बसवणार.”

“बसवायचंच असतं तर एवढी हमाली कशाला केली असती? सकाळी माझ्याच्यानं उठवत नाही. चहा तुमच्याकडेच राहील.” ती चहाचा घोट घेऊन म्हणाली, “साखर बरोबर पडलीय.”

“आणि पुढच्या ऋतूत? तेव्हा पुन्हा सगळं हलवशील.”

“आता काही हलायचं नाही. रजया तेवढ्या काढायच्या नि ठेवायच्या.”

त्याने हात पुढे केला. तिचा गाल सापडला, मग कपाळ. तिथे टेंगूळ अजून होतं.

“हे काही कपाटाचं दार नव्हे,” तो म्हणाला.

“नाही. आठवडाभर तुम्ही झोपलात की डोळ्यांवर रुमाल बांधून घरात फिरतेय,” ती म्हणाली. “ते टेबल तेवढं वाटेत येत होतं.”