केटुराचं मत

मत द्यायला सराईच्या दारात पाऊल टाकणार, तोच केटुरानं ते ऐकलं. आत गर्शम, तिचा होणारा नवरा, सफरचंदाच्या दारूचा मग उंचावून मित्रांना सांगत होता.

"ती तर सप्टेंबरातच लग्न करू म्हणत होती. मीच म्हटलं, थांब गं, घाई काय आहे? अरे, लग्न झालं की बायकोचं मत गेलं! विधवा आहे, पाणचक्की नावावर आहे, तोवरच तिला मत. मी स्वतः निवडणुकीला उभा असताना ते कशाला घालवू?"

सगळे खो खो हसले. केटुराच्या अंगाचा तिळपापड झाला.

आपल्या मेलेल्या नवऱ्याचा, योहानचा, मान राखतोय बिचारा, म्हणून थांबतोय, असं ती समजून बसली होती! शेजारणींपुढे त्याचं कौतुक करून करून तोंड दुखलं होतं तिचं.

इंग्रजांच्या राजाला अमेरिकेतून हाकलल्यापासून न्यू जर्सीत नियमच होता. मिळकत नावावर असेल तर बाईलाही मत. लग्न केलं की मतही गेलं आणि चक्कीही नवऱ्याची. एवढी वर्षं एकटीनं चालवलेली चक्की सोडायलाही ती तयार झाली होती, कारण गर्शम आवडायचा. मेला अजूनही आवडत होता, हीच तर पंचाईत!

ती आत शिरली. हसणं एकदम थांबलं. गर्शमचा चेहरा पडला.

"अगं केटुरा, मी आपली गंमत..."

"सरक बाजूला."

ती तडक टेबलापाशी गेली. "बोला बाई, मत कुणाला?" मतं लिहून घेणारे म्हातारे एलियास म्हणाले. "मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

दुसरा उमेदवार टोनिस कोपऱ्यात मिशीतल्या मिशीत हसत होता. मागच्या खेपेला निवडून गेला आणि सभागृहात नुसत्या झोपा काढून आला. नदीवर पूल हवा म्हणून घसा फोडून भांडणारा गर्शम एकटाच होता. पूल झाला की पलीकडच्या गावांचं धान्य केटुराच्या चक्कीवर येणार होतं. रागाच्या भरात मत द्यायला ती काही खुळी नव्हती.

"गर्शम ओपडाइक!" ती खणखणीत आवाजात म्हणाली.

एकच गलका झाला. टोनिसनं टोपी उचलली आणि काढता पाय घेतला. गर्शमच्या जिवात जीव आला. तो तिच्यामागे धावतच बाहेर आला.

"सोन्यासारखी बाई आहेस तू! आता येत्या रविवारी लग्न, बघ."

"छे! लग्न कसलं करतोस?" केटुरा घोड्यावर चढत म्हणाली. "वर्षाच्या आत पूल झाला नाही, तर पुढच्या निवडणुकीत तुला पाडणार कोण?"