तिसरा नियम

"पर्च मोजायचे नाहीत, वहिनी," व्हर्लिन म्हणाला. "वॉलाय मासा ठरला होता. वॉलायच हवा."

आर्डिसने बादलीतल्या आपल्या दोन फुटकळ पर्च माशांकडे पाहिलंसुद्धा नाही. उपड्या डब्यावर बसून ती गोठलेल्या तळ्यावरच्या खोपटाच्या जमिनीतल्या भोकाकडे बघत होती. फळ्यांखाली हातभर जाडीचं बर्फ, बर्फाखाली तळ्याचं काळं पाणी, आणि त्या पाण्यात तिच्या नवऱ्याचा गळ. लॉवेलला जाऊन तीन महिने झाले होते. भोकावर बर्फाचा चुरा जमला की ती झाऱ्याने काढून टाकी. झारा घरचा, कढईतला.

खोपटाला बाहेरून साखळी लावून तयार होती. साखळीचं दुसरं टोक गाडीला, आणि गाडीत हीटर लावून बसलेलं खोपटाचं गिऱ्हाईक, ड्वेन. खोपटं लॉवेल आणि व्हर्लिन या दोघा भावांनी मिळून बांधलेलं, त्यामुळे व्हर्लिनचाही शब्द त्यात होताच. "तू एकटी बाई बर्फावर काय करणार?" असं तो गेल्या रविवारी चर्चमध्ये कॉफी पिता पिता म्हणाला होता. वर चारचौघांत हसून पैजही लावली होती: शनिवारी दिवस मावळायच्या आत वहिनीने एक वॉलाय काढून दाखवावा, खोपटं तिचं. नाहीतर ओढून न्यायचं. चारचौघेही हसले. आर्डिसने कप खाली ठेवला. "शनिवारी," ती म्हणाली. "भोक मी पाडीन. तू फक्त वेळेवर ये."

आता साडेचार वाजले होते. खिडकीतलं ऊन लाल होऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. तिथे सुताराच्या पेन्सिलने, लॉवेलच्या अक्षरात, नियम लिहिलेले होते.

१. दार लावा.
२. घरच्या कटकटी घरी.
३. पकडणाऱ्याने साफ करायचं नाही. ज्याला काही मिळालं नाही, त्याने करायचं.

तिसरा नियम ऐकायला किती सरळ. पण चाळीस हिवाळे मासे साफ केले ते आर्डिसने. दोघे भाऊ घरी येऊन पिशवी सिंकमध्ये उलटी करायचे, आणि लॉवेल डोळा मिचकावून म्हणायचा, "तुला आज काही मिळालं नाही ना?" दोघे खो खो हसायचे. मिळणार कुठून? खोपटात तिला कुणी कधी बोलावलंच नव्हतं. हे नियम तिने आज सकाळी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचले, आणि दिवसभर तिचं डोकं तापलेलंच होतं.

बाहेर ड्वेनने भोंगा वाजवला.

"गेलं ऊन," व्हर्लिन उठत म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस. दमलीस तू. गुंडाळ आता."

"बस खाली. अजून आहे."

ऊन खरंच होतं अजून, भिंतीच्या वरच्या फळीवर, दोन बोटं. आणि तेवढ्यात तिच्या हाताला काहीतरी कळलं. ओढ नव्हती, झटका नव्हता. पातेल्याला खालून लागायला लागलं की डावाला कसं कळतं, तेवढंच.

"शेवाळ असेल," व्हर्लिन म्हणाला.

आर्डिसने हात वर झटकला. गळाची काठी वाकली. खालून कुणीतरी डोकं हलवून ठाम नकार दिल्यासारखी दोऱ्याला ओढ बसली, आणि तिच्या छातीत असं काही धडधडायला लागलं की तिला हसूच फुटलं. सत्तरीला आलेली बाई, भोकावर वाकून एकटीच हसत होती.

"दे इकडे! सुटेल!" व्हर्लिनने काठीला हात घातला.

"हात काढ."

"अगं, तुला जमायचं नाही, भोकाशी आडवा होतो तो—"

"व्हर्लिन, हात काढ म्हटलं ना."

त्याने काढला. मासा खरंच भोकाशी आडवा झाला. आर्डिस गुडघ्यांवर बसली, बाही वर न करताच कोपरापर्यंत हात त्या पाण्यात घातला. पाठीचे काटे कुठे, कल्ला कुठे, बोट कुठे गेलं तर दात लागतात, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने त्याला सरळ केला आणि वर घेतला. चांगला दोन वितींचा वॉलाय, पिवळाजर्द, फळ्यांवर थाडथाड आपटत. त्याचा डोळा दिव्यात लखलखत होता. हजारो वॉलाय तिच्या सुरीखालून गेले असतील, पण ते डोळे विझलेले असायचे. हे असं असतं होय, तिच्या मनात आलं, आणि इतक्या वर्षांचा राग वर आला.

व्हर्लिनने टोपी मागे सारली. मग दिलदारपणे म्हणाला, "मानलं बुवा, वहिनी. खोपटं तुझं. चल आता, घरी जाऊन मस्तपैकी साफ कर, तळ. मीही येतो जेवायला."

आर्डिसने कोटाच्या खिशातून सुरी काढली. सिंकशेजारची, घासून घासून पातं अर्धं राहिलेली. ती त्याच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"तुला आज काही मिळालं नाही ना?"

व्हर्लिनने भिंतीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ती हसत नव्हती. शेवटी त्याने एक हातमोजा काढला, मग दुसरा.

दार उघडलं. बोचरं वारं आत आलं आणि त्यामागून ड्वेनचं डोकं. "काय मग, ओढायचं ना?"

आर्डिस गळाला नवीन आमिष लावत होती. तिने मान वर केली नाही.

"दार लाव," ती म्हणाली. "आतून की बाहेरून, ते तुझं तू बघ."