समाप्तिरेषा

शर्यत भरवणाऱ्याने अखेरचा धावक पोहोचेपर्यंत जागा सोडू नये, हा त्याचा धर्म होय. जयलक्ष्मीपुरमच्या रस्त्यावर त्या सकाळी तो पाळला गेला नाही. दिलेल्या मुदतीच्या आत वनजा मॅरेथॉन धावून आली, तेव्हा समाप्तीची कमान गाडीत चढली होती आणि रस्त्यावरची पट्टीही गुंडाळली गेली होती.

"पाहुण्यांना घाई होती, मॅडम," संयोजक म्हणाला.

"मग मी संपवू कुठं?" तिने संतापून विचारले.

"इथंच कुठंतरी थांबा की."

तेवढ्यात समोरच्याच आपल्या घरातून तिच्या सासूबाई गिरिजाबाई रांगोळीची वाटी घेऊन उतरल्या. पहाटे धावायला निघताना सून दारची रांगोळी ओलांडते, म्हणून त्या वर्षभर तिच्यावर धुमसत होत्या.

"सुम्मने, उगाच त्याच्या तोंडी लागू नको," त्या वनजाला म्हणाल्या, आणि संयोजकाकडे न पाहताच, "तू सरक रे."

वाकून त्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरी रेघ ओढली.

"हं. ओलांड आता."

त्या हातांना आणि त्या पायांना उदंड आयुष्य लाभो.